भरलेली आतडी शिजताना काहून फुटतात?

आखाडीला आणि मग श्रावण सरला की पोळ्याच्या करीला गावात हिश्श्याचा बोकड पडतो. त्या दिवसांत रक्त-कण्या भरून आतडी शिजवणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. रक्त ताजं होतं, कण्या, चरबी, मसाला सगळं बेतानं घेतलं, आतडी चार पाण्यांतून काढली, तोंडंही घट्ट बांधली. पण गंजात, म्हणजे पातेल्यात सोडली आणि दहा मिनिटांत फट्. पाणी काळं, वर कण्या तरंगताहेत आणि आतड्याची रिकामी साल तळाशी. मग त्याचाच रस्सा करायचा आणि भाकरी चुरून खायची. चवीला तो वाईट लागत नाही, पण घरातली पोरं भरलेल्या आतड्याची वाट बघत बसलेली असतात, त्यांना रस्सा नको असतो.

दर वेळी आरोपीही ठरलेला. "आतडंच कच्चं निघालं वो, खाटकानं चिरा पाडल्या." कधीकधी हे खरं असतं. बहुतेकदा नसतं. आतडं हा फार चिवट पदार्थ आहे; हातानं ताणून बघा, सहजासहजी तुटत नाही. ते फुटतं ते चुलीवर, आणि चुलीमुळे. हे मान्य केलं की निम्मं काम झालं, कारण खाटीक बदलण्यापेक्षा जाळ बदलणं सोपं.

पण आधी फुटलेलं आतडं फेकू नका. ते कोपरात, म्हणजे परातीत पसरा आणि कुठे, कसं आणि कधी फाटलं ते बघा. फाटण्याची तऱ्हा बघितली की कारण कळतं.

फाटलेलं कसं वाचायचं

टाकल्या टाकल्या, पहिल्या पाच-सात मिनिटांत, लांबलचक उभी चीर गेली असेल तर पाणी फार गरम होतं. आतड्याची भिंत म्हणजे मुख्यतः कोलॅजन. साधारण ६० ते ६५ अंशांवर ते एकदम आखडतं. मटणाचा तुकडा फोडणीत पडला की अंग चोरतो, त्यामागेही हेच असतं. उकळत्या पाण्यात आतड्याची साल काही सेकंदांत या तापमानाला पोचते आणि आवळते. आतलं रक्त मात्र अजून थंड आणि पातळ असतं. ते घट्ट व्हायला त्याच्या मध्यापर्यंत ७० अंशांच्या पुढची ऊब पोचावी लागते. बाहेरून आवळणारी साल आणि आत दबायला तयार नसलेलं पातळ रक्त, यातून सुटका एकच. चीर उभी जाते, कारण नळीवर आतून ताण आला की तो लांबीपेक्षा घेरावर जास्त पडतो.

अर्ध्या तासानं, जवळपास सगळं शिजत आल्यावर फुटलं आणि भेगेतून फुगलेल्या कण्या डोकावत असतील, तर कण्या कच्च्या घातल्या होत्या. ज्वारीच्या कण्या पाणी पिऊन दुपटीहून जास्त होतात. रक्त आधी घट्ट झालं, आतडं आधीच आवळलं, आणि त्यानंतर कण्या फुगायला लागल्या. जागा आणायची कुठून? तांदळाच्या कणीचंही तेच, फक्त ती जरा लवकर फुगते.

एकाच जागी गोल फुगा येऊन तिथंच फुटलं असेल तर भरताना हवा राहिली. असं आतडं फुटायच्या आधी पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते आपल्याला आधी सांगून फुटतं. तेवढ्यात सुई टोचली तर वाचतं.

बारीक छिद्र आणि त्यातून आलेल्या रक्ताचा गोठून झालेला काळा मणी दिसला, तर तो खाटकाच्या सुरीचा किंवा आपल्याच नखाचा प्रताप. आणि साल सगळी शाबूत, फक्त तोंड उघडं असेल तर गाठ सुटली. टोकाला चरबी चिकटलेली राहिली की दोरा घसरतो. या दोन ठिकाणी आतड्याला दोष देता येईल, पण बघाल तर असं फुटणं थोडं. पहिल्या दोन तऱ्हाच जास्त, आणि पहिली तर सगळ्यांत जास्त.

खळखळ उकळीची सवय

आपल्या हाताला वजडी, पाया, मुंडी शिजवायची सवय आहे, आणि ही सगळी मंडळी खळखळ उकळीची. नागपूरच्या सावजी भोजनालयात सुंदरी म्हणून जी आतडी मिळतात ती तर्रीत कितीही रटरटली तरी काही बिघडत नाही, कारण ती कापलेली असतात, दोन्ही तोंडांनी मोकळी. भरलेल्या आतड्याचा मामला वेगळा. त्याला शिजायला उकळी लागतच नाही. पाणी ७५ ते ८० अंशांत राहिलं की बारीक आतडं अर्ध्या तासात आणि जाड आतडं पाऊण तासात मधोमध घट्ट होतं. त्याहून जास्त आच म्हणजे नुसतं फुटायला आमंत्रण.

आता आपल्याकडची खरी अडचण. चूल पेटते कशावर? वेचणी संपल्यावर उपटून घरामागे रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, नाहीतर तुरीच्या तुराट्यांवर. पऱ्हाटी पेटते भसकन. जाळ गंजाच्या काठापर्यंत येतो, चार-पाच मिनिटांत राख होते, आणि लगेच दुसरी मूठ लोटावी लागते. पाणी घडीत उकळीला, घडीत खाली. भाकरीला हे चालतं, वरणालाही चालतं. आतड्याला प्रत्येक भडक्यासरशी एक झटका बसतो, आणि त्यातल्या एखाद्या झटक्याला ते सुटतं. गॅसवर करणारे म्हणतात आमचं फारसं फुटत नाही, त्याचं गुपित एवढंच की शेगडी बारीक करता येते.

चुलीवरच करायचं असेल तर असं करा. मोठ्या गंजात पाच लिटर पाणी पऱ्हाट्यांवरच उकळून घ्या, त्या कामाला पऱ्हाटीसारखं सरपण नाही. सणकून उकळी आली की जाळ मागे ओढा, चुलीत फक्त बाभळीच्या नाहीतर धावड्याच्या लाकडाचे निखारे राहू द्या. आता त्या पाण्यात दीड लिटर साधं पाणी ओता. सगळं मिळून पाणी ८२-८३ अंशांच्या आसपास येतं. त्यात किलो-दीड किलो भरलेली आतडी सोडली की ते आणखी उतरून ७३ ते ७५ वर थांबतं, म्हणजे हवं त्याच्या अगदी जवळ; उरलेली ऊब निखारे देतात. थर्मामीटर लागत नाही, मोजायला लोटा पुरतो. हिवाळ्यात रांजणातलं पाणी गारढोण असतं, तेव्हा दीडऐवजी सव्वा लिटर ओतावं.

पुढे निखाऱ्यांवर सांभाळायचं. पाण्याचा वरचा पडदा थरथरतो, वाफ निघते, तळातून एखाद-दुसरा बारीक बुडबुडा येतो, एवढंच हवं. बुडबुड्यांची रांग लागली की पेलाभर थंड पाणी काठानं सोडा, आतड्यावर नको. निखारे विझायला आले तर गोवरीचा तुकडा सरकवा, ती धुमसते पण भडकत नाही. झाकण घट्ट लावू नका. झाकलेल्या गंजात कधी उकळी फुटते ते कळत नाही.

तळाशी पळसाची दोन-तीन पानं अंथरली तर बरं. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज तळातून पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि तिथं टेकलेलं आतडं चिकटतं. ढवळायला गेलं की तिथूनच सोललं जातं. खरं म्हणजे ढवळायचंच नाही. सराट्याच्या (उलथन्याच्या) पाठीनं हलकेच सरकवायचं, बस्स.

कुकरचा विषयही इथंच मिटवतो, कारण शहरात राहणारी मुलं हटकून विचारतात. कुकरमध्ये आत सुमारे १२० अंश तापमान असतं. दोन शिट्ट्यांत रक्ताचा झुणका मिळेल, आतडं नाही.

भरणं

जाळ ताब्यात आला तरी आतडं तुडुंब भरलं असेल तर फुटणारच, कारण आखडण्याला जागा पाहिजे. पाऊण भरायचं. पण पाऊण म्हणजे किती हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून बोटांनी बघायचं: बांधलेलं आतडं कोपरात आडवं ठेवा आणि मधोमध अंगठ्यानं आणि तर्जनीनं चिमटा घ्या. दोन्ही भिंती सहज एकमेकींना भिडल्या पाहिजेत. भिडायला जोर लागत असेल तर एका टोकाची गाठ सोडून थोडं काढा. कच्चं असताना ते मरगळलेलं, सुरकुतलेलं, अगदी केविलवाणं दिसतं. ज्यांना टरटरीत भरलेलं बघायची हौस असते त्यांचंच फुटतं. शिजताना ते आपोआप आवळून गोल होतं.

भरायला पाण्याच्या बाटलीचं वरचं तोंड कापून नरसाळं करा. तिफणीच्या चाड्यावर बी सोडावं तसं सावकाश, सारखं, मध्ये खंड न पाडता सोडायचं. धार तुटली की हवा शिरते. दुसऱ्या हातानं आतड्याचं तोंड नरसाळ्यावर धरलेलं, आणि खाली तिसऱ्या हाताची गरज पडते, तिथं घरातलं कुणीतरी बसवा. वीतभर ते हातभर लांबीचे तुकडे बरे. सगळं आतडं सलग भरून मग बांधत गेलात तर एक फुटलं की शेजारचंही रितं होतं.

भरायच्या आधी पाण्याची परीक्षा घ्या. स्वच्छ केलेल्या आतड्यात नरसाळ्यानं पाणी सोडा, दोन्ही टोकं धरून उजेडात फिरवा. जिथून पिचकारी उडते तिथं सरळ कापून टाका. चिंधी बांधून, दोऱ्यानं शिवून काही होत नाही. खाटकानं चिरा पाडल्या की नाही याचा निकालही इथंच लागतो, चुलीपर्यंत जावं लागत नाही.

स्वच्छ करताना बाहेरच्या अंगाची चरबी सुरीनं खरवडू नका, बोटांनी ओढून काढा. बहुतेक भोकं त्याच वेळी पडतात. मग गुळगुळीत कामटीवर आतडं उलटं करायचं, आतलं बुळबुळीत अस्तर चमच्याच्या काठानं उतरवायचं, जाड मीठ आणि ज्वारीचं पीठ लावून चोळायचं, धुवायचं. पीठ बुळबुळ ओढून घेतं. हळद लावा, ताकात थोडा वेळ ठेवा, वासाला बरं. चुना मात्र नको. वजडीला आपण चुन्याच्या गरम पाण्यात टाकतो ते ठीक, तिची भिंत जाड. आतड्याची साल चुन्यानं फुगते आणि मऊ पडते, आणि असं आतडं हातात असतानाच फाटायला लागतं. लिंबात किंवा चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवण्याचाही परिणाम तोच.

दोरा सुती घ्या. नायलॉनचा दोरा ओल्या आतड्यावर धरत नाही, आणि आवळला तर कापतो.

सारण

फुटण्याचं दुसरं कारण सारणात असतं, म्हणून त्याचंही बोलू.

रक्ती म्हणून परतायला आपण खाटकाकडून गोठलेलं रक्त आणतो, चाकूनं चौकोन पाडण्याजोगं. ते भरायला निरुपयोगी. कुस्करून भरलंत तर गोळे वेगळे आणि पिवळसर पाणी वेगळं होतं, आणि त्या पाण्याची वाफ झाली की पुन्हा फुगा. भरायला रक्त पातळच हवं, आणि ते कापतानाच पातळ ठेवावं लागतं. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. स्वच्छ गंजात चमचाभर मीठ टाकून ठेवायचं आणि रक्त पडू लागल्यापासून हातानं किंवा रवीनं सारखं घुसळायचं. बकऱ्याचं रक्त काही मिनिटांत गोठतं, म्हणून "आलोच बिडी पिऊन" चालत नाही. घुसळता घुसळता बोटांना पांढरट धागे गुंडाळले जातात. ते फायब्रिन, रक्ताची गाठ धरून ठेवणारं जाळं. हे धागे निघाले की उरलेलं रक्त मग गोठत नाही. नवे धागे येणं थांबलं की धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्या. पंचवीस किलोच्या बोकडाचं पाऊण ते एक लिटर रक्त हाती लागतं, त्यापेक्षा जास्तीची आशा धरू नका.

बोकडाला आदल्या रात्रीपासून चारा नको, पाणी चालेल. पोट भरलेलं असलं की गळा कापताना अन्ननलिकेतून चारा वर येतो आणि रक्तात पडतो, आणि मग कितीही गरम मसाला घाला, वास जात नाही. पहिली जोराची धार घ्यायची आणि गंज बाजूला काढायचा. शेवटचे थेंब धरायच्या नादात घाण येते.

लिटरभर रक्ताला पाव किलो कण्या, पाव किलो चरबी, तेवढाच कांदा आणि एकंदर पंचवीस ग्रॅम मीठ, त्यात गंजात आधी टाकलेलंही मोजा. कण्या आधी वेगळ्या शिजवायच्या, पण पूर्ण नाही: दातात मध्ये कणी लागली पाहिजे. शिजल्या की परातीत पसरून पार गार करा. गरम कण्या रक्तात पडल्या की रक्त तिथल्या तिथं गोठून त्याच्या गोळ्या होतात. कांदा तेलात परतूनच घाला, जवसाचं किंवा फल्लीचं (शेंगदाण्याचं), जे घरात असेल ते. कच्चा कांदा आत पाणी सोडतो. अद्रक-लसूण, भिवापुरी तिखट, दगडफूल, भाजलेली खसखस, चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. मसाल्याचं मी काही सांगत नाही, प्रत्येक घरचा हात वेगळा आणि प्रत्येकाला आपलाच बरोबर वाटतो.

नुसतं रक्त भरलं तर होणारं आतडं विटकरीसारखं घट्ट होतं, कण्या जास्त झाल्या तर सुरी लावताच भुगा. या दोहोंच्या मधली जागा जगात प्रत्येकानं आपापल्या धान्यानं भरली आहे. स्पेनमध्ये बुर्गोसकडे तांदूळ घालतात, इंग्लंड-स्कॉटलंडात ओट, कोरियात आता शेवया. वऱ्हाडात ज्वारीच्या कण्या आणि भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात तांदळाची कणी हे म्हणून अगदी रास्त. पण त्या देशांचे व्हिडिओ बघून मापं उचलू नका. तिकडे बहुतेक ठिकाणी डुकराचं आतडं असतं, आपल्या बोकडाच्या बारीक आतड्यापेक्षा रुंद आणि दणकट, आणि ते जेवढं भरतात तेवढं आपलं सोसत नाही. चरबीतही फरक आहे. डुकराची चरबी मऊ. बोकडाची ४५-५० अंशांशिवाय पूर्ण विरघळत नाही आणि गार होताच टाळूला चिकटते. म्हणून आपली आतडी थंड खायची नसतात, आणि चरबीही ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक चिरायची. मोठे तुकडे ठेवले तर ते वितळून आत पोकळी होते.

शिजलं की नाही हे बघायला जाड सुई घ्या. आधी पाण्यात उकळून घेतलेली. पहिल्या दहा मिनिटांत टोचू नका, पातळ रक्ताची धार सुटेल. फक्त जे वर तरंगतंय त्याला टोचा. पुढे पाव-पाव तासानं बघा. लाल थेंब आला तर कच्चं, तपकिरी थेंब किंवा नुसती चरबी आली तर झालं. रंगाचं घाबरू नका, शिजलेलं रक्त काळंच दिसतं. हिमोग्लोबिन तापलं की लाल राहत नाही.

हे मात्र पाळाच

रक्तात जंतू फार झपाट्यानं वाढतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. अशा दिवसांत कापल्यापासून तासाभरात ते फ्रिजमध्ये नाहीतर चुलीवर गेलं पाहिजे. हिवाळ्यात दोन तास. रात्री कापून सकाळी भरू असं चालत नाही, आणि लाईटचा भरवसा नसलेल्या गावात फ्रिजमध्ये ठेवलंय म्हणून निश्चिंत राहणंही बरं नाही.

आपोआप मेलेल्या जनावराचं रक्त कधीही नाही, मग ते कितीही तगडं दिसो. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल तर ती फाशी, म्हणजे काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते. तिथं सुरी लावायचीच नाही, कातडं सोडवायचं नाही, सरळ गुरांच्या दवाखान्यात कळवायचं. रक्त न गोठणं हे आपल्या कामाला सोयीचं वाटेल, पण घुसळल्याशिवाय न गोठणारं रक्त म्हणजे धोका. हातावर जखम असेल तर हातमोजे घाला. शेळ्यांतला ब्रुसेला हा जंतू जखमेवाटेही माणसाला लागतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याच भागात जास्त सांगावी लागते. रक्ती खाल्ली की रक्त वाढतं असं आयाबाया सांगतात, आणि शंभर ग्रॅम बकऱ्याच्या रक्तात ३०-४० मिलिग्रॅमपर्यंत लोह असतं हे खरं आहे. बाळंतिणीला, अशक्त मुलीला ते अंगी लागतंही. पण विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांचं हिमोग्लोबिन लोह कमी पडतं म्हणून घटत नाही, लाल पेशीच लवकर फुटतात म्हणून घटतं. आणि ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात लोह उलट साठत जातं. अशा पोराला "दोन घास जास्त खा, रक्त वाढते" असा आग्रह करायचा नाही. डॉक्टरांना विचारून काय ते.

काढल्यावर

शिजलेली आतडी झाऱ्यानं उचला, चिमट्यानं धरू नका; गरम असताना साल अजून नाजूक असते. एकमेकांवर रचू नका, कोपरात सुटी पसरा. लगेच कापली तर सारण सांडतं, म्हणून निदान अर्धा तास थांबावं, आणि पोरांना तेवढा वेळ दुसरं काही तरी द्यावं. ज्यांना तव्यावर परतून हवीत त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये ठेवली तर उत्तम, कापा सुबक पडतात. दोन दिवसांच्या वर ठेवू नका.

तव्यावरही काहींची फुटतात. ती अख्खी टाकल्यामुळे. आतली चरबी पुन्हा वितळते आणि तेल उडवत सालीतून बाहेर येते, अंगावर डाग पडतात ते वेगळेच. बोटभर जाडीच्या चकत्या कापा, तव्यावर जवसाचं तेल चमचाभर, मंद आच, एका बाजूनं काळपट खरपूस झाली की मगच उलटा. सारखी उलटपालट केली तर सालीचं कडं सुटून येतं. सोबत ज्वारीची भाकर आणि फोडलेला कांदा, आणि चकती तव्यावरून सरळ ताटात, ती गार व्हायच्या आत.